मामाची उमेदवारी

६ जून

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तक्रार. परवा तू माझ्याशी बोलता बोलता फोन ठेवलास. कारण काय, तर मी तुला प्रश्न विचारत होतो. मामाने भाचीला शाळा कशी चाललीय, वरिष्ठ कशा आहेत, पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे पाहतेस, एवढं विचारू नये? वर तुझा निरोप आला की जे काय असेल ते लिहून पाठव, कागदाला उलटतपासणी करता येत नाही. म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, आमची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली. त्यांच्याकडे माझंच, माणसं नेमायचं काम करणारा कर्मचारी अधिकारी आधीच होता. तो वयाने माझ्या निम्मा आणि उत्साहाने दुप्पट, तेव्हा दोघांतला कोण जास्त झाला हे सांगायला ज्योतिषी नको. निरोपाच्या दिवशी मला एक भलीमोठी प्रवासी बॅग दिली. जा, असं तोंडाने न सांगण्याची ही रीत चांगली आहे.

आता मी नोकरी शोधतोय, आणि अडचण अशी आहे की उभ्या जन्मात मी मुलाखत दिलेली नाही. पहिली नोकरी ओळखीने लागली आणि त्यातच वाढलो. घेतल्या मात्र शेकड्यांनी. टेबलाच्या त्या बाजूला बसून जी सवय लागली, ती मागच्या आठवड्यात नडली.

काचेच्या भिंतींची खोली होती, समोर तीन पोरं. अध्यक्ष म्हणून जो बसला होता, त्याच्या हनुवटीवर अजून पुरती दाढी नव्हती. त्याचं पेन चालेना. मी माझं दिलं. पाणी पुढे सरकवलं. म्हटलं, सावकाश. इथे किती दिवस झाले? त्याने सांगितलं. काम आवडतं का? तो बाकीच्यांकडे बघायला लागला. उरलेल्या दोघांपैकी एक म्हणाला की आपल्याला खरं तर दुसऱ्या विभागात जायचंय. मी कारण विचारलं, त्याने मनापासून सांगितलं. गप्पा छान रंगल्या. शेवटी मी कागद गोळा करून म्हटलं, "ठीक आहे, तुम्ही बाहेर बसा. आम्ही कळवू."

भिंगरी, ते तिघं उठले. दारापर्यंत गेले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्यानंतर माझ्या.

तुझी मामी म्हणते, नोकरी मिळाली नाही तर नाही, तिघांना नापास तरी करून आलात. तिला सगळ्याची मजा वाटते. मला वाटत नाही. या वयात माणूस घरी बसला की आधी त्याची खुर्ची जाते, मग पेपर, मग मत. परवा भिंतींना कोणता रंग द्यायचा याची चर्चा माझ्या डोक्यावरून झाली, आणि मी तिथेच बसलो होतो. मला काम हवंय. तू आठ ठिकाणी नापास होऊन नवव्या ठिकाणी लागलीस. तुझ्याइतका अनुभवी माणूस आपल्या नात्यात नाही. शिकव.

तुझा, आता आशीर्वादासह,
मामा


१४ जून

प्रिय मामा,

नापासांत मी पहिली आले हे लक्षात ठेवल्याबद्दल आभार. आई तर ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगते.

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि हसता हसता खडू गिळायची वेळ आली. पण मग वर्गात गेले आणि हसू थांबलं. माझ्याकडे बालवर्गात एक नवा भिडू आलाय. त्याला नाव विचारलं की तो म्हणतो, "आधी तू तुझं सांग." बूट कुणी घालून दिले विचारलं की म्हणतो, "तुझे कुणी?" सगळ्यांना वाटतं काय धीट आहे. धीट कसला, घाबरलेला आहे. उत्तर द्यायची भीती वाटली की तो प्रश्नाच्या मागे लपतो. तुला ओळखीचं वाटतंय का कुणी?

मामा, सवय वगैरे ठीक आहे. पण मला वाटतं, "तुमच्याबद्दल सांगा" या प्रश्नाची तुला धास्ती आहे. शेकडो लोकांना तो तूच विचारलास. तुला कुणी विचारला नाही.

तर पहिला गृहपाठ. एक पान लिहायचं, तू काय करू शकतोस त्यावर. "कंपनी" हा शब्द आला तर पान परत. दुसरा गृहपाठ, मामीसमोर तालीम. ती खुर्चीवर, तू बुटक्या स्टुलावर. ती विचारेल, तू फक्त उत्तर द्यायचं. उत्तराच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं तर मामीने पट्टी मारायची. तिला माझी परवानगी आहे, आणि तिची इच्छा जुनी आहे.

तुझी,
भिंगरी


२३ जून

प्रिय भिंगरी,

तालीम झाली. असल्या तालमीपेक्षा कुस्ती बरी.

तुझ्या मामीने चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाच्या आधी पाहिलं असतं तर मी पळालो असतो. पहिलाच प्रश्न, मागच्या ठिकाणी संध्याकाळी वेळेवर का सुटत नव्हता. मी म्हटलं, हा मुलाखतीचा प्रश्न नव्हे. ती म्हणाली, माझा आहे. मग दोष विचारले. आमच्याकडे येणारे उमेदवार नेहमी सांगायचे तेच मी सांगितलं, की मी कामात स्वतःला फार जुंपून घेतो. तिने चष्मा आणखी खाली घेतला. मग म्हणाली, घरात हे कुणी पाहिलेलं नाही, साक्षीदार आणा. स्टूल इतकं बुटकं होतं की उठताना मला तिचाच हात धरावा लागला, त्यामुळे निषेध करून जाता आलं नाही.

पान सोबत जोडलंय. मला ते बरं वाटतं. सोमवारी एका मोठ्या हॉटेलात मुलाखत आहे, नोकरवर्ग सांभाळायचं काम. कोट काढून ठेवलाय. बटण लागत नाही, पण श्वास न घेता बसलं तर लागतं.

मामा


१ जुलै

प्रिय मामा,

पान परत पाठवतेय. तू "कंपनी" लिहिलं नाहीस हे खरं. तू "संस्था" लिहिलंस. माझी चार वर्षांची पोरंसुद्धा यापेक्षा बरी लबाडी करतात.

सबंध पानात तू कुठेच नाहीस. "धोरणे राबवली", "प्रक्रिया सुरळीत केली". कुणी राबवली? वाऱ्याने? हे पान त्या प्रवासी बॅगेलासुद्धा लागू पडेल, तीही बरीच वर्षं टिकेल असं तिच्यावर लिहिलेलं असतं.

आणि हॉटेलचं काय झालं? सोमवार होऊन गेला.

भिंगरी


५ जुलै

प्रिय भिंगरी,

हॉटेलचं उत्तम झालं. बराच वेळ तिथे होतो. इमारत देखणी आहे. बघू आता. इकडे हवा ठीक.

मामा


१० जुलै

मामा, हे तर मस्तच. आईलाही सांगितलं. तुझं पत्र एवढं छोटं आलं म्हणजे तू खरंच खूश असणार, तोंड उघडलं की दृष्ट लागेल म्हणून गप्प बसणारा तू. नक्की झालं की लगेच कळव.

भिंगरी


१७ जुलै

चि. भिंगरी,

पत्र मी लिहितेय, मामी. तुझ्या मामाला हे माहीत नाही, आणि कळलं तरी चालेल.

हे हॉटेलात गेले होते हे खरं. बराच वेळ होते हेही खरं. आत गेलेच नाहीत, एवढंच तुला लिहायचं राहिलं.

मलाही ठाऊक नव्हतं. काल एका मुलीचा फोन आला. मोठ्या आनंदात होती. म्हणाली, सर आहेत का, मला हॉटेलात नोकरी लागली, त्यांचे आभार मानायचेत. मी म्हटलं, कुठले सर? तेव्हा सगळं बाहेर आलं. बाहेरच्या बाकावर ती ह्यांच्या शेजारी बसली होती. हातातला कागद भिजेपर्यंत घाम आलेला. ह्यांनी तिला बोलतं केलं. आत काय विचारतील, कसं सांगायचं, सगळं समजावलं. मग पलीकडचा एक मुलगाही सरकला. म्हणते, बाकावर शिकवणीच चालली होती. घरचा नंबरही ह्यांनीच तिला लिहून दिला. तिचं नाव पुकारलं, ती आत गेली. बाहेर आली तर सर नव्हते.

मी ह्यांना विचारलं. म्हणाले, जिला आपण तयार केलं तिच्याच विरुद्ध आत कसं जायचं, माणुसकी म्हणून आलो. मी म्हणते, घाबरून आले. दोन्ही खरं असेल, माझा माणुसकीशी वाद नाही. पण त्या दिवसापासून हे दाढी करून, कपडे घालून नुसते खिडकीत बसतात. काल गॅस दुरुस्त करायला माणूस आला, त्याला विचारलं, हे क्षेत्र का निवडलंत. तो बिचारा गॅस सोडून विचारात पडला.

मी चेष्टा करते, कारण दुसरं काही केलं तर ह्यांना जास्त लागेल. तू जरा लिही.

तुझी मामी


२२ जुलै

प्रिय मामा,

मामीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, रागावायची पाळी माझी आहे. मी आईला सांगून बसले होते.

पण रागावत नाही. वर्गात पोर खोटं बोललं की मी उभ्याने ओरडत नाही, फरशीवर बसते, त्याच्या डोळ्यांना डोळे येतील अशी. समज मी आत्ता फरशीवर बसलेय. आता सांग, त्या मुलीला तू काय सांगितलंस? उपदेश नको. जे बोललास ते जसंच्या तसं लिही. एका अनोळखी पोरीला तुझ्यामुळे नोकरी लागली, आणि तुला एक पान भरत नाही?

भिंगरी


३० जुलै

प्रिय भिंगरी,

तू फरशीवर बसलीस म्हणून लिहितो. नाहीतर लिहिणार नव्हतो.

मी तिला फारसं काही सांगितलं नाही. आधी मी तिला कागद खाली ठेवायला लावला, कारण थरथरणारा कागद ऐकू येतो आणि मग माणूस आणखी थरथरतो. मग विचारलं, आज घरून निघताना काय झालं. ती म्हणाली, धाकट्या भावाने चप्पल लपवली. ते सांगताना तिचा आवाज जागेवर आला. मी म्हटलं, आत गेल्यावर याच आवाजात बोल, बाकी सगळं तुला येतंय. ती विचारत होती, एखादं उत्तर आलं नाही तर? मी म्हटलं, येत नाही म्हण. समोरचा माणूस दिवसभर सगळं येणारी माणसं बघून कंटाळलेला असतो.

बस. एवढंच.

लिहिल्यावर वाचून पाहिलं. घाबरलेल्या माणसाला बोलतं करता येतं. इतक्या वर्षांत मी हेच करत होतो की काय, आणि त्याला प्रक्रिया म्हणत होतो? हे पान समज. आता परत पाठवू नकोस, दुसरं नाही माझ्याकडे.

बाकी खरं तेच खरं. मुलगी आत गेल्यावर माझं नाव पुढचं होतं. दाराची मूठ दिसत होती. मला वाटलं, आत गेलो आणि त्यांनी नको म्हटलं, तर आजवर मी ज्यांना नको म्हटलं ते सगळे एकदम आठवतील. म्हणून उठलो. जिन्याने उतरलो, लिफ्टची वाट पाहवली नाही.

मामीने एक जाहिरात कापून आरशाला चिकटवलीय. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारं मोठं धुलाईघर आहे, तिथे माणसांकडे बघणारा व्यवस्थापक हवाय. मी म्हटलं, मला कपड्यांतलं काय कळतं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, पण त्यांना माणसांतलं कळणारा हवाय. पुढच्या आठवड्यात बोलावलंय. यावेळी गेलो की नाही ते खरं लिहीन.

मामा


९ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

गेलो. आत गेलो. सविस्तर लिहितो.

मी तयारीनिशी गेलो होतो. टेबलाची कुठली बाजू आपली हे खोलीत शिरतानाच ठरवायचं, खुर्ची ओढायच्या आधी थांबायचं, पाण्याच्या पेल्याला हात लावायचा नाही. दार उघडलं तर वाफच वाफ. एका बाजूला घरघरणारी यंत्रं, मधे ओल्या कपड्यांच्या चाकांच्या गाड्या, पलीकडे चादरी गरम रुळातून निघून येतायत आणि बायका त्या झेलतायत. मालकीणबाईंची खोली कुठे म्हणून विचारलं तर एकीने बोट दाखवलं. बाह्या कोपरापर्यंत सारलेली, साठीच्या आसपासची बाई चादरींच्या ढिगापाशी उभी होती. टेबल होतं, पण त्यावर उश्यांच्या अभ्र्यांचा डोंगर. खुर्चीवर दुसरा.

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, आमची घडीवाली आज आली नाही, बोलत बोलत धरा. आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.

आता तू म्हणशील, चादर धरायला काय लागतं. मीही तेच समजत होतो. त्यांनी आपल्याकडून टोकं दुमडली, मी माझ्याकडून उलट दिशेने दुमडली, आणि मधोमध चादरीला असा पीळ बसला की जणू आम्ही ती पिळायलाच उभे होतो. उलगडली. पुन्हा तेच. पलीकडच्या दोघी खुदकन हसल्या. कपाळावर घाम आला. वाफेचा होता असं मी म्हणू शकलो असतो, पण नव्हता. माझ्या डोक्यात चांगली चार-पाच वाक्यं तयार होती, घडी घालायच्या पद्धतीत सुधारणा कशी करता येईल याबद्दल. भिंगरी, ती मी गिळली. म्हटलं, "मला येत नाही हे. कसं करायचं?"

त्या म्हणाल्या, "माझ्या हातांकडे बघा. स्वतःच्या नको."

बघितलं. त्यांचा हात जिकडे जाईल तिकडे माझा नेला. चादर सरळ आली. मग दोघांनी समोरासमोर चालत यायचं, आपली टोकं त्यांच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची आणि मागे सरायचं. जवळ आलं की त्या एक प्रश्न विचारत आणि लांब जाताना मी उत्तर देई. लांबलचक उत्तराला जागाच नव्हती, पुढची चादर वाट बघत असायची. कुठे होतात? सांगितलं. का सोडलं? सोडलं नाही, सुटलं. आतापर्यंत काय केलं? मी म्हटलं, घाबरलेल्या माणसांना बोलतं केलं. त्या थांबल्या नाहीत, पण माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. माणसं टिकत नाहीत. शिकवून तयार केली की जातात. का जातात?

यावर मी एकेकाळी तासभर बोललो असतो. फळ्यावर आकृती काढली असती. पण हातात चादर असली की माणूस खरं बोलतो बहुतेक. मी म्हटलं, "मला माहीत नाही. थोडे दिवस इथे उभं राहू द्या, यांच्याशी बोलू द्या. मग सांगेन."

त्यांनी घडी ढिगावर ठेवली. म्हणाल्या, तुमच्या आधी तिघे येऊन गेले. तिघांनी दारातच कारण सांगितलं, पगार, वाफ, हल्लीची पिढी. एकानेही यांच्यापैकी कुणाला विचारलं नाही. मग त्या माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, उद्या हे बूट नकोत, फरशी ओली असते, पडाल.

मी पुढची चादर उचलली. दुसरी उचलल्यावर माझ्या डोक्यात शिरलं की त्या "उद्या" म्हणाल्या. विचारावं का, असं वाटलं. पण तोवर त्या यंत्राकडे गेल्या होत्या आणि समोर हसणाऱ्या दोघींपैकी एक टोकं धरून उभी होती. ती म्हणाली, साहेब, जरा ताणून धरा, ढिली राहते. धरली ताणून. मग ती हळूहळू बोलायला लागली. तिची धाकटी मुलगी, कामाची पाळी बदलली की तिला शाळेतून कोण आणणार, नव्या महिन्याचं कामाचं वेळापत्रक आदल्या रात्री का कळतं. मी मधे एकही प्रश्न विचारला नाही. लागलाच नाही. ती सांगत गेली, आम्ही घड्या घालत गेलो, गाडी रिकामी झाली, दुसरी आली.

निघताना मालकीणबाईंना विचारलंच, की नक्की समजू ना. त्या म्हणाल्या, सकाळपासून काय करत होतात मग?

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. कोट हातावर, बाह्या ओल्या, दंड असे भरून आलेले की घंटी वाजवायलाही हात वर जाईना. मामीने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ती दुपारपासून चेष्टा तयार करत होती आणि नंतर तिने ती टाकून दिली होती. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत आला नाही, तर बाई कुठले कुठले जिने डोळ्यांसमोर आणते. तिने माझ्या बाहीला हात लावला, वास घेतला, साबणाचा होता.

"कशी झाली मुलाखत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मुलाखत सकाळी झाली. आत्ता कामावरून येतोय."

तिने माझा कोट घेतला, खुंटीला लावला, उगाचच झटकला. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, उद्या किती वाजता निघायचंय? मी सांगितलं, आणि ती गजर लावायला आत गेली.

तुझा,
मामा